खाऱ्या हवेतलं कुळे: गोव्यात घरच्या घरी मॉडेल रेल्वे कशी सजवावी

गोव्यात मॉडेल रेल्वेचा छंद लावून घ्यायचा तर दोन गोष्टी आधीच हिशेबात धराव्या लागतात. एक दमट खारी हवा, दुसरं सीमाशुल्क. हवा रूळ, चाकं, बोर्ड खाते आणि सीमाशुल्क खिसा खातं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. मॉडेल गाड्या त्याच वर्गात मोडतात. म्हणून परदेशातून डब्यांसकट तयार गाडी मागवायचा बेत सोडून द्या. पैसा फक्त धावणाऱ्या भागांवर घाला: इंजिनाची चेसी, चाकं, रूळ आणि डीकोडर, म्हणजे इंजिनातला हुकूम ऐकणारा छोटा सर्किट बोर्ड. डब्यांची बॉडी, रंग, अक्षरं, माती, फलाट, झाडं हे सगळं घरी होतं आणि बऱ्याचदा विकतच्याहून सरस होतं. कामाचा क्रमही हाच ठेवा. सुंदर रंगवलेली पण सांध्यावर, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, अडखळणारी गाडी महिन्याभरात शोकेसमध्ये जाऊन बसते.

पुढचं सगळं एचओ स्केल, म्हणजे १:८७, धरून लिहिलं आहे. एन स्केल, म्हणजे १:१६०, जागेला सोयीचं खरं. पण बॉडी हातानं बनवायची, दिवे बसवायचे, डीकोडर कोंबायचा, तर एचओच बरं. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर नक्कीच.

कोणता तुकडा निवडायचा

गोव्यातला हौशी माणूस पहिल्यांदा दूधसागरच म्हणतो. धबधब्याची उंची ३१० मीटर सांगतात. एचओत ती साडेतीन मीटरच्या वर जाते, म्हणजे घराच्या छताला भोक पाडून वर माळ्यावर पाणी सोडावं लागेल. घाटाचंही तेच. पायथ्याच्या कुळे स्टेशनापासून वर कॅसलरॉकपर्यंतचा हा सुमारे २६ किलोमीटरचा १:३७ चढ एचओत जवळजवळ तीनशे मीटर लांब होतो. शिवाय मॉडेल इंजिनाला १:३७ चढ फार जड जातो, सपाटीवर सहज ओढलेल्या वाघिणी (मालगाडीचे डबे) तिथे निम्म्याही ओढवत नाहीत. एका रुळावरून दुसरा न्यायला किमान ७५ मिमी उंची लागते आणि ती गाठायलाच पावणेतीन मीटर लांबीचा चढ हवा.

म्हणून माझा सल्ला कुळ्याचा. वर जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, घाट उतरून आलेली सुटतात. जोडणं, सोडणं, बाजूला उभं करणं, परत आणणं हा सगळा खेळ सपाट जागेवर होतो. भिंतीलगत आठ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फळी पुरते. घाट पडद्यामागे ठेवायचा: एका टोकाला चिऱ्याची भिंत, तिच्यावर झाडोरा, आणि गाडी त्याआड नाहीशी होते.

काळ ठरवणं तितकंच महत्त्वाचं. ही लाइन बांधली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेनं. १८८८ साली ती कॅसलरॉकपर्यंत पोचली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ मीटरगेज राहिली. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. मीटरगेजचा काळ आणि त्यावरचं वायडीएम-४ डिझेल इंजिन हवं असेल तर १००० मिमी भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिमी; बाजारात त्यासाठी १२ मिमीचा एचओएम रूळ मिळतो. त्यात अचूकता आहे, पण इंजिन मिळणं जिकिरीचं. ब्रॉडगेज घेतलं तर १६७६ मिमीचे होतात सव्वाएकोणीस मिमी, आणि एचओचा रूळ असतो साडेसोळा मिमीचा. पावणेतीन मिमीची ही तफावत सगळे भारतीय हौशी पोटात घालतात, तुम्हीही घाला. रूळ स्वतः बनवून गेज दुरुस्त करायचा ध्यास घेतला की छंद तिथेच संपतो. खडी स्लीपरच्या कडेपर्यंत भरली आणि रुळाच्या बाहेरच्या बाजूला गंजाचा तपकिरी रंग दिला की नजर फसते.

कोकण रेल्वेवर जीव असेल त्यांच्यासाठी दुसरा पर्याय वेर्णा. कोलाड ते वेर्णा ही रो-रो सेवा १९९९ साली सुरू झाली. सपाट वाघिणीवर उभे ट्रक, त्यांच्या ताडपत्र्या, केबिनमध्ये पाय वर करून बसलेले ड्रायव्हर. बॉडीचं काम जवळजवळ शून्य, कारण १:८७ चे ट्रक खेळण्यांच्या दुकानात शोधले तर सापडतात. मुलांना हाताशी घेऊन पहिलं मॉडेल करायचं असेल तर हेच करा.

फळी आणि रूळ

सुताराला कितीही समजावलं तरी त्याला हे फर्निचर कसलं ते कळत नाही. आमचा मेस्त माप घेता घेता म्हणाला होता, "बाब, इतकी अरुंद खाट कोणाला?" त्याला एवढंच सांगा की प्लाय आयएस ७१० चा, मरीन ग्रेडचा हवा. एमडीएफ अजिबात नको. पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात आणि त्यावरचे रूळ लाटांसारखे दिसतात. प्लाय कापून झाला की सगळ्या कडांना आणि खालच्या बाजूला दोन हात सीलर मारा. वरची बाजू सगळेच रंगवतात, ओल शिरते ती खालून. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा, वाळवी भिंतीतून येते.

रूळ निकेल-सिल्व्हरचेच घ्या. जुन्या संचातले पोलादी रूळ फुकट मिळाले तरी किनारपट्टीवर ते वापरू नयेत. तारा जोडताना सोल्डरसोबत फक्त राळेचा फ्लक्स वापरा. पत्र्याच्या डब्यांना डाग देणारे लोक वापरतात तो आम्लाचा फ्लक्स जोड पटकन घेतो, पण खाऱ्या हवेत त्याच जागी हिरवी बुरशीसारखी पूड जमते आणि वर्षभरात तार तुटते.

बोर्डाखालून दीड चौरस मिमीच्या दोन जाड तारा टोकापासून टोकापर्यंत न्या. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला अर्धा चौरस मिमीच्या बारीक तारांनी त्यांच्याशी जोडा. रुळांच्या पत्र्याच्या जोडपट्ट्यांवर वीज सोपवू नका, त्या आतून काळ्या पडतात. दोन तुकड्यांमध्ये पाऊण मिमी फट ठेवा. जोडणी झाली की पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाका. कंट्रोलरनं ताबडतोब वीज तोडली पाहिजे. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर हातभर अंतरावर हे करा. कुठे नाणं पडूनही वीज चालू राहिली तर तिथली तार कच्ची आहे, आणि पुढे कधीतरी घसरलेलं इंजिन त्याच जागी वितळेल.

इंजिनाचं पोट उघडताना

बँकरचा खेळ करायचा म्हणजे एकाच रुळावर दोन इंजिनं स्वतंत्र चालली पाहिजेत. साध्या डीसी कंट्रोलरवर रुळात १२ व्होल्टपर्यंत वीज जाते आणि रुळावरचं प्रत्येक इंजिन एकदमच पळतं. म्हणून डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. त्यात रुळात कायम वीज असते, तिच्यातूनच आकड्यांचा संदेश जातो आणि इंजिनातला डीकोडर आपल्या पत्त्याचा संदेश तेवढा ऐकतो. तयार डीसीसी संच महाग पडतो. इलेक्ट्रॉनिक्सची थोडी आवड असेल तर डीसीसी-ईएक्स ही खुली प्रणाली पाहा: आर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड, एक चांगला पॉवर सप्लाय, आणि गाडी मोबाइलवरून चालते. दोन-तीन इंजिनांना ते पुरतं. कुळ्याला त्याहून जास्त लागत नाही.

इंजिन कोणतं? घाटात दिसणारं डब्ल्यूडीजी-४ हे डिझेल इंजिन मुळात अमेरिकी ईएमडी कंपनीचं जीटी४६मॅक. त्याच घराण्यातलं एसडी७०मॅक एचओत अमेरिकी कंपन्यांनी भरपूर काढलं आहे, वापरलेलंही मिळतं. चेसी थोडी लांब पडते आणि बोगीचा, म्हणजे चाकांच्या चौकटीचा, साचा वेगळा आहे, पण सहा आसांची दणकट चाल तीच. बॉडी वरून नवी बनवायची.

डीकोडर बसवण्याआधी इंजिन साध्या डीसीवर दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास फिरवून घ्या. मग मल्टिमीटर अँपिअरवर लावून पूर्ण वेगात चाकं बोटानं क्षणभर दाबून धरा, फक्त क्षणभर. तेव्हा दिसणारा आकडा डीकोडरच्या कमाल मर्यादेच्या आत हवा. एचओचे सर्वसाधारण डीकोडर एक अँपिअरच्या आसपासचे असतात. जुन्या मोटरी त्याहून जास्त ओढतात आणि अशी मोटर बदललेली स्वस्त पडते.

इंजिनात आठ पिनांचा सॉकेट असेल तर काम पाच मिनिटांचं. त्यातला कोरा प्लग काढा, डीकोडरचा प्लग लावा, नारिंगी तारेची पिन एक नंबरकडे. सॉकेट नसेल तर तारा स्वतः जोडाव्या लागतात. लाल आणि काळी तार चाकांकडून वीज घेते: लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या. नारिंगी आणि राखाडी मोटरला जातात. निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन बाजू, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या.

इथे एकच जागा जीवघेणी आहे. जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक थेट धातूच्या चेसीला टेकलेलं असतं. ते तोडलंच पाहिजे. मोटरखाली प्लॅस्टिकची पट्टी घाला, धातूचे स्क्रू असतील तर नायलॉनचे लावा, आणि मग मल्टिमीटर बीपवर ठेवून मोटरचं एकेक टोक चेसीशी आणि दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासा. एकदाही बीप आला तर डीकोडर जोडू नका. वीज दिल्या क्षणी तो जळतो, आणि जळलेल्या डीकोडरचा वास खोलीतून दोन दिवस जात नाही.

दिव्यांसाठी उबदार पांढरे एलईडी घ्या, निळसर झाक असलेले नकोत. प्रत्येकाला स्वतंत्र एक किलोओहमचा रेझिस्टर. जोडांवर चिकटपट्टी गुंडाळू नका, दमट हवेत तिचा चिकटा सुटून वाहतो. हीट-श्रिंक नळीच वापरा.

आता प्रोग्रॅमिंग. नवा डीकोडर पत्ता ३ वर येतो. इंजिनाच्या नंबरातले शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून द्या, लक्षात राहतात. काही बिघडलंच तर बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधला सेटिंगचा क्रमांकित कप्पा) ८ लिहिलं की तो मूळ स्थितीला जातो.

दोन्ही इंजिनांचा वेग जुळवणं हे खरं कसबाचं काम आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मागचं इंजिन जलद असेल तर वळणावर मधल्या रिकाम्या वाघिणी बाहेर ढकलल्या जातात; पुढचं फार जलद असेल तर त्या आतल्या बाजूला ओढून पाडल्या जातात. आधी दोन्ही इंजिनांचे सीव्ही ३ आणि ४, म्हणजे वेग घेण्या-सोडण्याचा विलंब, शून्यावर आणा. रुळावर एक मीटरच्या खुणा करा. वेगाच्या पहिल्या पायरीवर इंजिन जेमतेम सरकलं पाहिजे, ते सीव्ही २ नं जुळवा. मग पूर्ण वेगात मीटर कापायला किती वेळ लागतो तो मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहा आणि जलद इंजिनाचा सीव्ही ५ कमी करत आणा. हळू इंजिनाला जलद करता येत नाही, जलदलाच आवरावं लागतं. शेवटी मधल्या वेगासाठी सीव्ही ६. पुढचं इंजिन किंचित जलद राहिलं तर चालेल, वाघिणी ताणलेल्या राहतात. जुळल्यावर सीव्ही ३ आणि ४ दोघांनाही सारखेच, पंधरा-वीसच्या आसपास द्या. जड गाडी उठताना जशी नाइलाजानं उठते तसं दिसू लागतं.

घाटात ३० किमी वेग धरला तर एचओत तो सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर होतो. आठ फुटांची फळी पार करायला पंचवीस सेकंद. पाहुण्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण मॉडेल खरं वाटतं ते याच वेगात.

वाघिणी: चाक, वजन, कपलर

डबे की वाघिणी, या प्रश्नाचं उत्तर वळणं देतात. नव्या धाटणीचा एलएचबी प्रवासी डबा २३.५४ मीटरचा, एचओत २७१ मिमी. जुना आयसीएफ डबा २१.३ मीटरचा, म्हणजे २४५ मिमी. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असावी असा ठोकताळा आहे, म्हणजे एलएचबीला ऐंशी सेंटिमीटर. बॉक्स-एन ही उघडी वाघीण मात्र कपलर, म्हणजे जोडणीचा आकडा, धरून १०.७ मीटरची, एचओत १२३ मिमी. सदतीस-अडतीस सेंटिमीटरच्या वळणावरही ती शहाण्यासारखी जाते. एक इंजिन, आठ वाघिणी आणि मागे बँकर ही गाडी दीड मीटरच्या आत मावते.

वाघिणीची बॉडी एक मिमीच्या स्टायरीन प्लॅस्टिकच्या शीटची करा. उभ्या पट्ट्या अर्ध्या मिमीच्या. युरोपियन डबा आणून भारतीय रंगात रंगवायचा मोह होतो, पण आपले डबे सव्वातीन मीटर रुंद, एचओत सदतीस मिमी. युरोपातला त्यापुढे बारकुडा दिसतो.

चाकं धातूचीच. प्लॅस्टिकची चाकं रुळावर काळा थर सोडतात. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास हवं. व्हर्नियर घेऊन प्रत्येक आस मोजा. गाडी सांध्यावर घसरते तेव्हा लोक सांध्याला शिव्या देतात, दोष मात्र बहुतेक वेळा या मापात असतो.

वजनासाठी अमेरिकी एनएमआरए संस्थेचा ठोकताळा सोपा आहे: एचओत आधी २८ ग्रॅम, मग लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. बॉक्स-एनला सुमारे ९७ ग्रॅम, आयसीएफ डब्याला १६५. शिसं आपल्याकडे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, जाळ्याला लावतात ते. छान बारीक असतं, कुठेही मावतं. पण ते फेव्हिकॉलनं कधीही चिकटवू नका. पांढऱ्या गोंदातल्या आम्लाशी शिशाची प्रक्रिया होऊन ते हळूहळू फुगतं आणि काही वर्षांनी वाघिणीच्या भिंती आतून फाकतात. एपॉक्सी वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

कपलर केडी कंपनीचे पाच नंबर. दिसायला आपल्या सेंटर बफर कपलरच्या जवळ जातात आणि रुळाखाली चुंबक बसवला की हात न लावता सुटतात. कुळ्याच्या खेळाचा जीव यातच आहे. सगळ्यांची उंची एका गेजवर तपासा. अर्ध्या मिमीचा फरकही गाडी मध्येच सोडतो.

शेवटच्या वाघिणीला एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पिवळी पाटी आणि लुकलुकणारा लाल दिवा विसरू नका. बाकी सगळं चुकलं तरी रेल्वेतला माणूस आधी तिथेच पाहतो.

रंग आणि तांबडी माती

फवारणीचा रंग जून ते सप्टेंबर मारू नये. हवेतली वाफ ओल्या थरात अडकते आणि रंगावर दुधी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव वाळल्यावर, हा आपला हंगाम. बॉडी भांड्यांच्या साबणानं धुवा, वाळवा, मग प्रायमरचे दोन पातळ हात. गाड्यांच्या टचअपसाठी मिळणारा स्प्रे प्रायमर चालतो, मात्र आधी टाकाऊ तुकड्यावर मारून पाहा. काही प्रायमर स्टायरीन खातात. वरचा रंग ॲक्रिलिक.

अक्षरांसाठी पाण्यात सुटणारा डेकल कागद आणा. इंकजेट प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून गडद बॉडीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या पायाचा कागद घेऊन भोवतीचा बॉडीचा रंगही छापावा लागतो. छापल्यावर क्लिअर लॅकरचे तीन पातळ हात, रात्रभर वाळू द्या, कापून अर्धा मिनिट पाण्यात. डेकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर सरकवा. मॅट रंगावर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. शेवटी सगळ्यावर मॅट हात. इंजिनावर त्याच्या देखभालीच्या शेडचं नाव लिहिताना हुबळी लिहा. डब्ल्यूडीजी-४ आणि हुबळी हे नातं जुनं आहे.

आता जुनं करणं. परदेशी पुस्तकांतली धूळ करडी असते, आपली तांबडी. पावसाळ्यानंतर कुळ्याच्या फलाटावर उभं राहून एक मालगाडी जाताना नीट बघा. तांबूस पट्टा चाकांपासून सुरू होतो आणि वाघिणीच्या खालच्या तिसऱ्या भागात विरतो. टोकांच्या भिंतींवर तो जास्त वर चढतो, कारण शेजारच्या चाकांनी उडवलेलं पाणी तिथे बसतं. बोगीवर ब्रेकच्या भुकटीचा गडद तपकिरी थर वेगळा दिसतो. यार्डात उभ्या राहिलेल्या डब्यांच्या छपरावर शेवाळाची मंद हिरवी झाक असते. कोरडे पेस्टल खडू ब्लेडनं किसून मऊ ब्रशनं हे रंग लावा, मॅट फवाऱ्यानं धरून ठेवा. फवाऱ्यानंतर पेस्टल निम्मा दिसेनासा होतो, तेव्हा सुरुवातीला थोडा जास्त वाटला तरी राहू द्या.

जमिनीसाठी खरीच माती वापरावी, मिळते फुकट. मलमलच्या कापडातून चाळा, तव्यावर चांगली भाजा म्हणजे किडे आणि बुरशी मरते, आणि मग कागदात गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यातून फिरवा. आपल्या मातीत चुंबकाला चिकटणारे बारीक कण निघतात. ते राहिले तर इंजिनाच्या मोटरमधला चुंबक त्यांना वेचून घेतो आणि मोटर घरघरू लागते. खाण भागातली माती असेल तर चुंबक तीनदा फिरवा. माती आणि खडी बसवायला मॅट मीडियम पाण्यात पातळ करून घ्या. पांढरा गोंद पावसाळ्यात मऊ पडतो.

टेकडी करायला दिवाळीत नरकासुराचे पुतळे बनवणाऱ्या पोरांना बोलवा. बांबूच्या कामट्या, वर्तमानपत्र आणि मैद्याची खळ यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कसर लागत नाही, पण ती खळ रुळांना आणि तारांना लागू देऊ नका. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा. कुळागरातल्या पोफळी बनवताना खोड मेणबत्तीच्या दोऱ्यासारखं सरळ करू नका, किंचित वाकवा.

ट्रॉली आणि ट्राम

बाजूच्या रुळावर एक पुश ट्रॉली हवीच. लाकडी चौकट, चार छोटी चाकं, बसायला बाक, इन्स्पेक्टरच्या डोक्यावर छत्री, लाल झेंडा आणि मागे रुळावरून अनवाणी धावत ढकलणारे ट्रॉलीमन. चौकट आइस्क्रीमच्या काडीच्या चिरफाळ्यांची, छत्री ॲल्युमिनियम फॉइलच्या गोलाला मधोमध टाचणी रोवून, वर काळा रंग. ती हलती करायची असेल तर ट्रॉलीच्या पोटाशी छोटा निओडिमियम चुंबक लावा आणि फळीखाली दोन कप्प्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्याला दुसरा. तेवढ्या पट्ट्यात तळ तीन मिमी प्लायचा ठेवावा लागतो, जाड झाला की चुंबकाची पकड सुटते. रूळ निकेल-सिल्व्हरचे आहेत म्हणून हे जमतं, पोलादी रुळांना चुंबक चिकटून बसला असता.

ट्रामचं प्रकरण वेगळं, आणि जागा कमी असणाऱ्यांना मी तेच सुचवीन. १४३५ मिमीचा स्टँडर्ड गेज ८७ नं भागला की बरोबर साडेसोळा मिमी येतो. कोलकात्याची ट्राम याच गेजवर. म्हणजे ब्रॉडगेजला जी तडजोड करावी लागते ती इथे मुळीच नाही, आणि वळण पंधरा-वीस सेंटिमीटरचं चालतं. गोव्याशी नातं जोडायचं असेल तर मुंबईचा धोबीतलाव करा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ ते ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली, आणि धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहणारे आपले खलाशी आणि वाजंत्री तिच्यातूनच फिरले. चार चाकांची तयार मोटर-बोगी घ्या, वर स्टायरीनची बॉडी. छतावरचा खांब नुसता दिखाऊ ठेवा. वीज रुळांतूनच घ्यायची. वरच्या तारेतून घेण्याच्या भानगडीत निदान पहिल्या खेपेला पडू नका. आखूड ट्रामची चार चाकं धुळीवर लगेच वीज सोडतात, म्हणून डीकोडरसोबत क्षणभराची वीज साठवून ठेवणारा कीप-अलाइव्ह कपॅसिटर बसवा.

पावसाळ्याची सोय

मे अखेर सगळ्या वाघिणी हवाबंद डब्यांत, सिलिका जेलसोबत ठेवा. फळीवर जुनं सुती पातळ घाला. प्लॅस्टिक नको, खाली घाम धरतं. विजा चमकू लागल्या की कंट्रोलरचा प्लग भिंतीतूनच काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बोगद्याच्या तोंडाला कापूस लावा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि ते तुम्हाला इंजिन धडकल्यावरच कळतं.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिनं फिरवा. गणपतीच्या सुटीत पुन्हा सगळं मांडताना आधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसा, सँडपेपरनं नाही. त्याच्या ओरखड्यांत मळ लवकर बसतो. मग चाकं: रुळावर अल्कोहोलनं ओला केलेला किचन टॉवेल टाका, अर्धं इंजिन त्यावर आणि अर्धं उघड्या रुळावर ठेवून हातानं धरा आणि चालवा. टॉवेलवर काळ्या रेघा उमटतात. इंजिन उलटं फिरवून दुसरी बाजू. पुढे गिअरला प्लॅस्टिकला चालणारं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. कुलपात मारायचा गंजनाशक स्प्रे इंजिनात मारू नका. एवढं करूनही एखादं इंजिन हललं नाही तर डीकोडरला दोष देण्याआधी चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या पाहा. नव्वद टक्के वेळा तिथे हिरवा थर असतो, आणि तो काचतंतूच्या ब्रशनं निघतो.